समुद्रातली पन्नास वर्षे : मुंबई हाय तेलक्षेत्राची वाटचाल

पारनेर तालुक्यात बोअर घ्यायची म्हटले की मशीन लागल्यावर काही फुटांतच काळा पाषाण सुरू होतो आणि पाणी लागेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. हाच पाषाण पश्चिमेला सह्याद्री ओलांडून अरबी समुद्राच्या तळाखाली उतरतो. तिथे बऱ्याच भागात त्याच्यावर चुनखडकाचे थर साचले आहेत आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर त्या चुनखडकाच्या बारीक छिद्रांत तेल आणि वायू अडकून राहिले आहेत. या तेलक्षेत्राचे नाव ‘मुंबई हाय’. तिथून पहिले तेल निघाले २१ मे १९७६ रोजी. उत्पादनाच्या या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्याचा इतिहास मांडावा, अशी या स्मरणिकेच्या संपादक मंडळाची सूचना होती.

स्मरणिकेचे वाचक पारनेर तालुक्यातले आणि इथून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले. समुद्रातल्या तेलाशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. पण ज्वारी-कांद्याला टाकलेला युरिया, स्वयंपाकघरातली गॅसची टाकी आणि विजेचा काही वाटा त्याच समुद्रातून आलेला आहे. शिवाय ऊर्जेची किंमत कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न पारनेरला नवा नाही. पारनेरचे सुपुत्र सेनापती बापट मुळशीच्या सत्याग्रहात उतरले ते मुंबईच्या विजेसाठी बुडणाऱ्या जमिनींच्या प्रश्नावरच.

१९५५ ते १९६५ : स्थापना आणि पहिले प्रयत्न

स्वातंत्र्याच्या वेळी देशात नाव घेण्याजोगे तेलक्षेत्र म्हणजे आसामातले दिग्बोई. मुंबईत तुर्भ्याला १९५४-५५ मध्ये स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पण तिथे शुद्ध होणारे कच्चे तेल बाहेरून येत होते. भारताच्या जमिनीत शोधण्यासारखे फारसे तेल नाही, असे या धंद्यातल्या बड्या मंडळींचे मत होते. त्या मताला न जुमानता तत्कालीन मंत्री केशवदेव मालवीय यांनी स्वतःची शोधसंस्था उभारण्याचा आग्रह धरला.

१९५५ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या छत्राखाली एक संचालनालय निघाले. १४ ऑगस्ट १९५६ रोजी त्याचे ‘तेल आणि नैसर्गिक वायू आयोग’ असे नामकरण झाले आणि १९५९ च्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. मुख्यालय देहरादूनला ठेवले. हीच आजची ओएनजीसी. सोव्हिएत तज्ज्ञांनी सर्वेक्षणाची दिशा दाखवली. विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले भूशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे पदवीधर त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९५८ मध्ये खंभातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला यश आले. तंबूत राहून, बैलगाडी मिळाली तर बैलगाडीने उपकरणे हलवत काम करणाऱ्या त्या पहिल्या पिढीचा हा विजय होता.

खंभातच्या आखाताच्या काठापर्यंत तेल असेल, तर पाण्याखालीही ते असणार, हा पुढचा तर्क सरळ होता. १९६४ पासून सोव्हिएत सर्वेक्षण जहाज ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ पश्चिम किनाऱ्यालगत फिरू लागले. जहाजातून ध्वनिलहरी तळाकडे सोडायच्या आणि खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरींची नोंद घ्यायची, अशी ही पद्धत. त्या नोंदींतूनच मुंबईसमोरच्या समुद्राखाली एक प्रचंड फुगवटा असल्याचे दिसले. खडकांच्या अशा फुगवट्याला ‘हाय’ म्हणतात आणि त्यात तेल साठू शकते.

१९६६ ते १९७५ : समुद्रात पहिले पाऊल

जागा कळली तरी तिथे पोहोचायची साधने आपल्याकडे नव्हती. मार्च १९७० मध्ये खंभातच्या आखातात अलियाबेटजवळ उथळ पाण्यात देशातली पहिली सागरी विहीर खणायला घेतली. मुंबई हायवर पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात तिथल्या समुद्राचे रूप किनाऱ्यावरून ओळखू येणार नाही असे. तिथे खणायचे तर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी रिग हवी होती.

ती जपानमधल्या मित्सुबिशीच्या गोदीत बांधून घेतली. नाव ठेवले ‘सागर सम्राट’. ठरलेल्या ठिकाणी गेल्यावर आपले लांब पाय समुद्रतळावर टेकवायचे, सारा डोलारा लाटांच्या वर उचलून धरायचा आणि मग खाली खणायला सुरुवात करायची, अशी तिची रचना. आजही आहेराच्या पाकिटात रकमेवर जो एक रुपया वाढवतात, त्या एक रुपयाच्या नोटेची मागची बाजू पाहावी. तिथे समुद्रात उभी असलेली जी आकृती छापली आहे, ती हीच सागर सम्राट.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. परकीय चलनाची गंगाजळी तुटपुंजी असलेल्या देशाला हा मोठा फटका होता. अशा वेळी जानेवारी १९७४ च्या अखेरीस सागर सम्राटने मुंबई हायवर पहिली विहीर सुरू केली आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले.

याच काळात तिकडे उत्तर समुद्रात नॉर्वेची कथा घडत होती. १९६९ च्या अखेरीस त्यांना एकोफिस्क हे मोठे क्षेत्र सापडले, १९७२ मध्ये तिथल्या संसदेने ‘स्टॅटऑइल’ ही सरकारी कंपनी काढली आणि १९७४ मध्येच स्टॅटफ्योर्ड हे प्रचंड क्षेत्र हाती आले. दोन्ही देशांनी समुद्रातले तेल सरकारी संस्थेमार्फत काढायचे ठरवले. पुढे या दोन वाटा एकमेकींना कुठे भेटल्या, ते ओघात येईलच.

१९७६ ते १९८५ : भरभराटीचे दशक

शोध लागल्यापासून अवघ्या सव्वादोन वर्षांत, २१ मे १९७६ रोजी, उत्पादन सुरू झाले. तेव्हा समुद्रतळावर वाहिनी नव्हती. तरंगत्या बोयाला टँकर बांधून त्यात तेल भरायचे आणि किनाऱ्यावर न्यायचे. रोजचे उत्पादन काही हजार बॅरल. १९७८ मध्ये समुद्राखालून उरणपर्यंत वाहिनी आली आणि तिथून तुर्भ्याच्या कारखान्यांना तेल मिळू लागले. तोवर हे दोन्ही कारखाने सरकारच्या मालकीचे होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले होते.

एकेका विहिरीपासून सुरू झालेल्या कामाचे या दहा वर्षांत समुद्रात गावच वसले. पोलादी नळ्यांची उंच चौकट किनाऱ्यावर तयार करायची, बार्जवर लादून न्यायची, समुद्रात उभी करायची, तिच्या पायांतून तळात खांब ठोकायचे आणि वर मजले चढवायचे, असे एकेक प्लॅटफॉर्म उभे राहिले. काहींवर फक्त विहिरींची तोंडे, काहींवर तेल, वायू आणि पाणी वेगळे करणारी यंत्रे, तर काहींवर माणसांच्या राहण्याची सोय. मधे लोखंडी पूल. सुरुवातीला बरेचसे परदेशातून आणावे लागले, मग माझगाव डॉकच्या कामगारांनी इथेच प्लॅटफॉर्म बांधायला घेतले. न्हाव्याचा पुरवठा तळ, उरणचा प्रक्रिया प्रकल्प आणि जुहूहून उडणारी हेलिकॉप्टरे ही या गावाची वेस ठरली. हेलिकॉप्टर सेवेसाठी १९८५ मध्ये पवनहंस ही सरकारी कंपनीच निघाली.

१९८१ ते १९८९ या काळात कर्नल एस. पी. वाही संस्थेचे अध्यक्ष होते. लष्करातून आलेल्या या अभियंत्याने कामाला शिस्त आणि वेग दिला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबई हायचे उत्पादन दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास गेले. देशाच्या तेलाच्या गरजेचा मोठा हिस्सा तेव्हा घरच्या तेलातून भागत होता. इतके स्वावलंबन त्यापूर्वी नव्हते आणि त्यानंतरही आले नाही.

या तेलाबरोबर येणारा वायू महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत पोहोचला. उरणचे वायूवर चालणारे वीजकेंद्र सुरू झाले. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना १९८५ मध्ये उत्पादनात आला. सोसायटीसमोर रांग लावून आणलेल्या उज्ज्वला युरियाच्या गोणीत मुंबई हायचा वायू होता, हे फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असेल.

या यशात उरण-न्हाव्याच्या आणि थळच्या शेतकऱ्यांचा व कोळी बांधवांचा वाटा आहे. त्यांच्या जमिनी आणि त्यांचे मासेमारीचे पाणी या प्रकल्पांसाठी लागले. त्यांचा उल्लेख केल्यावाचून हे दशक पुरे होत नाही.

संकटेही आली. १९८२ च्या पावसाळ्यात ‘सागर विकास’ रिगवर विहीर उसळून आग लागली. ती आटोक्यात आणायला अमेरिकेतून रेड अडेर यांचे नामांकित पथक बोलवावे लागले.

१९८६ ते १९९५ : ओहोटी आणि बदल

तेलविहिरीला वरून पाऊस भरत नाही. सुरुवातीला तेल आपल्याच दाबाने वर येते, मग दाब घटतो, तेलाबरोबर वायू आणि पाणी जास्त येऊ लागते. मुंबई हायवर नेमके हेच झाले. भरतीच्या वर्षांत उपसा वेगाने झाला होता. दाब टिकवण्यासाठी समुद्राचेच पाणी गाळून खडकात परत सोडण्याची योजना आधीच सुरू झाली होती, तिची व्याप्ती आता वाढवली. नव्वदीच्या सुरुवातीला काही विहिरी मुद्दाम बंद ठेवाव्या लागल्या. उत्पादन किती आणि कसे घ्यावे याबद्दल त्या काळी मतभिन्नता होती. पुढे त्या चर्चेतूनच तेलक्षेत्राच्या नियोजनाला शास्त्रशुद्ध रूप आले.

सुरक्षेच्या शिक्षणाकडेही याच काळात लक्ष गेले. गोव्यात बेतूलला संस्थेची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. समुद्रावर ड्यूटी लागणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्टा बांधून बसवतात, सांगाडा पाण्यात बुडवतात, उलटा करतात, आणि श्वास रोखून, पट्टा सोडून, खिडकीतून बाहेर यायला सांगतात. हे जमले तरच समुद्रावर जाता येते. चौदा दिवस ऑन, चौदा दिवस ऑफ, हे इथल्या कामाचे चक्र. घरच्या बारशापासून दहाव्यापर्यंत सगळे त्या चक्रात बसवावे लागते. कित्येक कुटुंबांनी ते वर्षानुवर्षे बसवले.

१९९१ नंतर धोरण बदलले. आयोगाची १९९३-९४ मध्ये कंपनी झाली. डिसेंबर १९९४ मध्ये शेजारच्या पन्ना-मुक्ता आणि ताप्ती क्षेत्रांसाठी करार झाला. ओएनजीसीचा वाटा ४० टक्के, रिलायन्सचा ३० आणि एन्रॉनचा ३०. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला चांगलेच परिचित झालेले एन्रॉन हे नाव समुद्रातही होते, ते असे.

१९९६ ते २००५ : पुनर्विकास

‘बॉम्बे हाय’चे आता ‘मुंबई हाय’ झाले. चुनखडकातले सगळे तेल काही निघालेले नव्हते, मोठा भाग अजून खालीच होता. शतकाच्या वळणावर उत्तर आणि दक्षिण मुंबई हायच्या पुनर्विकासाची मोठी योजना हाती घेतली. जुन्या विहिरींतून आडव्या फांद्या काढणे, त्रिमितीय सर्वेक्षणाने राहून गेलेले कप्पे शोधणे, थकलेल्या वाहिन्या बदलणे ही कामे त्यात होती. बी. सी. बोरा आणि त्यांच्यानंतर २००१ ते २००६ या काळात सुबीर राहा यांच्या नेतृत्वाखाली उत्पादनाची घसरण सावरली.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कोसळली आणि पन्ना-मुक्ता-ताप्तीतला तिचा वाटा २००२ मध्ये ब्रिटनच्या बीजी ग्रुपने घेतला.

मग २७ जुलै २००५ उजाडला. आदल्याच दिवशीच्या महापुराने मुंबई बुडालेली होती. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर जखमी माणूस उतरवायला आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज लाटांमुळे हेलकावले आणि समुद्रतळावरून वर येणाऱ्या वायूच्या उभ्या नळीवर आपटले. नळी फुटली, आगीने सारा प्लॅटफॉर्म घेरला. नौदल, तटरक्षक दल, आसपासची जहाजे आणि प्लॅटफॉर्मवरचे सहकारी यांनी ३६२ जणांना वाचवले. २२ जण परत आले नाहीत. त्यांना या स्मरणिकेची आदरांजली.

२००६ ते २०१५ : सावरणे, आणि एक नॉर्वेजियन कारकीर्द

जळालेल्या प्लॅटफॉर्मच्या जागी नवे संकुल उभे राहिले. संस्थेचा विस्तार देशाबाहेर आणि खोल पाण्यातही चालू होता. इथेच नॉर्वेचा धागा पुन्हा हाती येतो.

तो धागा म्हणजे स्टॅटऑइलचे प्रमुख झालेले हेल्गे लुंड. त्यांचा जन्म १९६२ चा, ऑस्लोचा. शिक्षण अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचे. ते भूगर्भशास्त्रज्ञ नव्हेत, की रिगवरून वर आलेले अभियंता नव्हेत. सल्लागार कंपनी, औषधनिर्मिती आणि आकेर उद्योगसमूह अशा वाटेने ते २००४ मध्ये स्टॅटऑइलचे मुख्य कार्यकारी झाले आणि २०१४ पर्यंत त्या पदावर राहिले. २००७ मध्ये त्यांनी नॉर्स्क हायड्रोचा तेलविभाग स्टॅटऑइलमध्ये विलीन करून घेतला. त्या विलीनीकरणाबरोबर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसीच्या एका खोल पाण्यातल्या क्षेत्रात नॉर्स्क हायड्रोने घेतलेला छोटा वाटाही त्यांच्याकडे आला. तो पुढे सोडला गेला. २००९ मध्ये त्यांच्या कंपनीने समुद्रात तरंगणारी पूर्ण आकाराची पवनचक्की उभी केली. सुप्याजवळच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहणाऱ्या पारनेरकराला हे विशेष वाटणार नाही, पण तरंगत्या पायावर अशी पवनचक्की जगात तेव्हा पहिलीच होती.

जानेवारी २०१३ मध्ये अल्जीरियातल्या इन अमेनास वायूप्रकल्पावर दहशतवादी हल्ला झाला. स्टॅटऑइलचे पाच कर्मचारी मारले गेले. कंपनीने स्वतंत्र चौकशी करवून घेतली आणि स्वतःच्या त्रुटी सांगणारा अहवाल जाहीरपणे छापला. सागरी तेलाच्या धंद्यातल्या सगळ्यांनीच घ्यावा असा हा धडा.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लुंड बीजी ग्रुपचे प्रमुख झाले, तेव्हा पन्ना-मुक्ता-ताप्तीतला तीस टक्के वाटा त्यांच्या कंपनीकडे होता. वर्षभरात शेलने बीजी विकत घेतली आणि लुंड बाहेर पडले. मुंबईच्या समुद्राशी त्यांचा हा पहिला संबंध असा वर्षभराचाच.

२०१६ पासून आजपर्यंत : जुनी विहीर, नवी भागीदारी

डिसेंबर २०१९ मध्ये पंचवीस वर्षांची मुदत संपल्यावर पन्ना-मुक्ता क्षेत्र पूर्णपणे ओएनजीसीकडे परत आले.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा निवासी बार्ज बुडाला, ‘वरप्रदा’ ही टगबोट बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक कंत्राटी कामगार होते, वेल्डर, फिटर, खलाशी, स्वयंपाकी. नौदलाने उसळत्या समुद्रातून शेकडोंना बाहेर काढले. त्यानंतर हवामानाचा इशारा आणि बार्ज माघारी आणण्याचे नियम अधिक कडक झाले. संस्थेच्या पगारपटावर नसलेल्या या माणसांचा वाटा इतिहासात संस्थेच्या माणसांइतकाच धरायला हवा.

२०२२ मध्ये डॉ. अलका मित्तल यांच्याकडे अध्यक्षपदाचा अतिरिक्त कार्यभार आला. संस्थेच्या प्रमुखपदी महिला येण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षाच्या अखेरीस अरुण कुमार सिंग अध्यक्ष झाले. शोध लावणारी सागर सम्राटही त्याच सुमाराला फिरते उत्पादन केंद्र होऊन पुन्हा समुद्रात उतरली. खणणारी रिग आता तेल वेगळे करण्याचे काम करते.

२०२४ मध्ये, शोधाच्या पन्नासाव्या वर्षी, मुंबई हायचे उत्पादन दिवसाला सुमारे १ लाख ३४ हजार बॅरल होते. ते वाढवण्यासाठी संस्थेने जागतिक निविदा काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड जाहीर केली. करार दहा वर्षांचा. मूळ पातळीच्या तुलनेत तेल आणि वायू मिळून साठ टक्क्यांपर्यंत वाढ शक्य आहे, असा बीपीचा अंदाज. मालकी आणि चालवण्याची जबाबदारी ओएनजीसीचीच. या वेळी बीपीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते हेल्गे लुंड. २०१९ पासून ते त्या पदावर होते. तेल कमी करून हरित ऊर्जेकडे जाण्याचे बीपीचे धोरण त्यांच्याच काळात ठरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्याच काळात मागेही घेतले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पायउतार झाले. ओएनजीसीनेही त्याच वर्षी एनटीपीसीच्या साथीने अयाना ही मोठी अपारंपरिक ऊर्जा कंपनी घेतली. तेल आणि वारा या दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची कसरत आज सगळ्याच तेलकंपन्या करताहेत.

ऋणनिर्देश आणि पुढची वाट

मोठ्या अधिकाऱ्यांच्या कारकिर्दी एका कंपनीतून दुसरीत, एका समुद्रातून दुसऱ्यात जातात आणि त्यांचे निर्णय मागे राहतात. लुंड यांची कारकीर्द मुंबईच्या समुद्राला दोनदा शिवून गेली. वाही, बोरा, राहा यांच्या कारकिर्दीतली महत्त्वाची वर्षे इथे गेली. पण या सगळ्यांच्या निर्णयांची अंमलबजावणी केली ती चौदा दिवसांच्या पाळीने येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांनी. तेल एका दिवशी सापडले, ते काढत राहायला पन्नास वर्षे लागली, आणि त्यांतली बरीच वर्षे उतरणीची होती. उतरणीच्या काळात, बातमीत नाव येत नसताना, झडप तपासणारा आणि गंजलेली नळी बदलणारा माणूस हा या संस्थेचा खरा आधारस्तंभ आहे.

आपल्या तालुक्यातल्या मुलामुलींना या क्षेत्राची वाट बंद नाही. पुण्यात एमआयटीमध्ये पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवतात, ओएनजीसीत अभियंत्यांची भरती होत असते, आणि आयटीआय झालेल्या चांगल्या वेल्डर-फिटरला समुद्रावर कायम मागणी असते. पुढच्या दहा वर्षांत मुंबई हायला नवे तेल शोधण्यापेक्षा राहिलेले तेल काढण्याचे काम जास्त आहे. त्याला चिकाटी लागते, आणि दरसाली पावसाची वाट पाहत शेती करणाऱ्या पारनेरच्या माणसाला चिकाटी शिकवावी लागत नाही. पुढच्या पिढीतली काही नावे या इतिहासाच्या पुढच्या प्रकरणात यावीत, ही अपेक्षा.